रणाहून परतलेल्यांचा विषाद

श्रीमद्भगवद्गीतेचा नित्य पाठ करणाऱ्या गृहस्थ वाचकांना प्रथमच एक प्रश्न विचारावासा वाटतो. पहिला अध्याय आपण किती सावकाश वाचतो? दोन्ही सैन्यांतील वीरांची नावे संपली, शंखांचा घोष झाला, की बहुधा आपली दृष्टी पुढे धावू लागते. कारण भगवंतांचा उपदेश दुसऱ्या अध्यायात आहे आणि अर्जुनाचे रडगाणे ऐकण्यात फारसे पुण्य नाही, अशी आपली समजूत असते. परंतु परंपरेने त्या रडगाण्यालाही ‘योग’ हीच संज्ञा दिली आहे. विषाद हे ज्ञानाचे दार आहे असे आपण प्रवचनांतून पुष्कळ वेळा ऐकतो. पण तो विषाद एका योद्ध्याचा आहे, ही साधी गोष्ट मात्र नजरेआड होते.

अर्जुनाने तेथे आपल्या देहाची जी अवस्था सांगितली आहे, ती एखाद्या वैद्याने टिपून ठेवावी इतकी नेमकी आहे. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगास कंप सुटला, रोमांच उभे राहिले, हातातून गांडीव निसटू लागले, त्वचेचा दाह होऊ लागला, उभे राहवेना, मन भोवंडले आणि जिकडे पाहावे तिकडे अशुभच दिसू लागले. हा कोणी नवशिका शिपाई नव्हे. खांडववनात लढलेला, निवातकवचांना जिंकलेला, विराटाच्या गोधनासाठी अवघ्या कौरवसेनेला एकट्याने थोपविणारा हा वीर आहे. म्हणजे शौर्याचा आणि या अवस्थेचा परस्परांशी विरोध नाही. ज्याच्या ठिकाणी शौर्य आहे, त्याच्याही ठिकाणी ती येऊ शकते.

भाषांतराचे काम करताना येथे एक गोष्ट हातातून निसटते, ती सांगून ठेवतो. अर्जुनाचा ‘विषाद’ आणि त्याच्या गात्रांचे गळणे या दोहोंसाठी मुळात एकच धातू आहे: सद्, म्हणजे खाली बसणे, खचणे. मराठीत आपण मनासाठी ‘खिन्न’ आणि अवयवांसाठी ‘शिथिल’ असे दोन निराळे शब्द योजतो आणि वाचकाला वाटते की या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूळ ग्रंथाला तसे वाटत नाही. मन खचले की देह खचतो, इतकेच तो सांगतो.

आता भगवंतांनी प्रथम काय केले ते पाहावे. त्यांनी त्याला फटकारले. दुसऱ्या अध्यायातील दुसरा आणि तिसरा, असे दोन श्लोक त्या फटकाऱ्याचे आहेत. ‘क्लैब्य’ हा जिव्हारी लागणारा शब्द त्यांतच येतो. आणि त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला नाही. त्याने आपले दुःख पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा अधिक खोल जाऊन मांडले, शरण येऊन मार्ग विचारला, आणि तरीही आपण लढणार नाही असे म्हणून तो गप्प बसला. त्यानंतरच भगवंत जणू स्मित करीत बोलू लागले आणि खरी गीता सुरू झाली. फटकाऱ्याचे श्लोक दोन; समजावणीचे शेकडो. त्या समजावणीतही अर्जुनाने मध्येच थांबवून शंका विचाराव्यात, तुझ्या बोलण्याने मी अधिकच गोंधळलो असे म्हणावे, आणि भगवंतांनी पुन्हा प्रारंभापासून सांगावे, असा क्रम आहे.

आपल्या घरांतून मात्र ते दोनच श्लोक फार ऐकू येतात. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला मुलगा, भाऊ अथवा जावई रात्र रात्र जागा राहतो, दिवाळीत फटाक्याचा बार झाला की दचकून भिंतीशी जातो, लग्नकार्याच्या गर्दीत बसवत नाही म्हणून बाहेर उभा राहतो, क्षुल्लक कारणाने मुलांवर ओरडतो आणि मग स्वतःच तोंड फिरवून बसतो. अशा वेळी घरातील कोणी वडीलधारी व्यक्ती म्हणते, ‘अरे, तू शिपाईगडी, आणि तू असा?’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. गीतेत भगवंतांनी हेच तर सांगितले, असेही त्याला वाटत असते. पण गीतेची ही अर्धी ओळख आहे, आणि औषध अर्धे दिले तर केव्हा केव्हा ते न दिल्यापेक्षा वाईट ठरते.

या अर्ध्या ओळखीचा परिणाम कोठवर जातो, याचे उदाहरण पश्चिमेकडे आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना वाचा जाणे, थरथर सुटणे, झोप उडणे असे विकार होऊ लागले, तेव्हा १९१५ साली चार्ल्स मायर्स या वैद्याने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांविषयी लिहिले आणि ‘शेल शॉक’ हे नाव रूढ झाले. परंतु त्याच युद्धात पळपुटेपणा व भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सेनेने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना त्या देशाने २००६ साली क्षमा केली. त्यांतील कित्येक जण या विकाराने ग्रस्त असावेत असे आता मानले जाते. ज्यांना क्षमा मिळाली त्यांची मुलेही तोवर वृद्ध झाली होती. पुढे व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगसूचीत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. मराठीत त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणतात. जे घडून गेले ते स्वप्नात व जागेपणी पुन्हा पुन्हा समोर येणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा व माणसे टाळणे, मन बधिर होणे आणि देह सदैव सावध अवस्थेत राहणे, ही त्याची मुख्य लक्षणे होत. हा विकार औषधाने आणि तज्ज्ञाशी ठरावीक पद्धतीने केलेल्या बोलण्याने सुधारतो.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. सैन्यातून परतणारे बहुसंख्य लोक घरी येतात, शेती पाहतात, नोकरी धरतात आणि सुखाने नांदतात. साताऱ्याजवळचे अपशिंगे असो की गाझीपूर जिल्ह्यातील गहमर, जेथे घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या सैनिक झाले, त्या गावांकडे पाहिले की हे सहज कळते. प्रत्येक माजी सैनिकाकडे रोगी म्हणून पाहणे हाही त्याचा अपमानच होय. परंतु ज्याला त्रास होतो, त्याचा त्रास मात्र त्या बहुसंख्यांच्या सुखाकडे बोट दाखवून मिटत नाही.

अर्जुनाचा विषाद युद्धापूर्वीचा होता. युद्ध संपल्यावरचा विषाद पाहायचा असेल तर महाभारताच्या शांतिपर्वाकडे वळावे लागते. युद्ध जिंकलेले आहे, शत्रू उरलेला नाही, आणि युधिष्ठिर गंगातीरी महिनाभर सुतकात बसला आहे. हा जय आपल्याला पराजयासारखाच वाटतो, असे तो नारदांना सांगतो. कर्ण आपला वडीलभाऊ होता हे त्याला तिलांजलीच्या वेळी कळलेले आहे. द्रोणाचार्यांशी बोललेले ते अर्धे असत्य त्याला जाळीत आहे. अभिमन्यूला चक्रव्यूहात धाडले, ते विसरता येत नाही. घडलेल्या गोष्टींची भीती ही एक; आणि आपल्या हातून जे घडले अथवा आपण जे थांबवू शकलो नाही, त्याची टोचणी ही दुसरी. आजचे वैद्यही हा भेद करू लागले आहेत. बॉस्टन येथे व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात होमरच्या महाकाव्यातील अकिलीसच्या आधाराने याच टोचणीचा विचार केला. ग्रीकांच्या महाकाव्यात त्यांना जे सापडले, ते आपल्या महाकाव्यात एका संपूर्ण पर्वाएवढे पसरलेले आहे, आणि ते आपण राजधर्माचा ग्रंथ म्हणून बाजूला ठेवून देतो!

युधिष्ठिराला समजावण्यास सारेच पुढे येतात. अर्जुन त्याच्यावर चिडतो. नकुल-सहदेव आपापल्या परीने सांगतात. द्रौपदीचा संयम सुटतो. रागाच्या भरात ती म्हणते की, जो असा आडमार्गाला लागला त्याच्यावर वैद्यांनी धूप, अंजन, नस्य आणि औषधे यांनी उपचार करावेत. बोलणे रागाचे आहे, पण त्यातील गृहीत पाहण्यासारखे आहे: मन वाटेवरून ढळले तर त्यावर चिकित्सा असते, हे त्या काळच्या राजगृहातील स्त्रीला ठाऊक होते. आणि भीम, ज्याला आपण केवळ बळाचा पुतळा समजतो, तो तर साक्षात् वैद्यासारखे बोलतो. व्याधी दोन प्रकारच्या, शारीरिक आणि मानसिक. एकीपासून दुसरी उत्पन्न होते, एक दुसरीवाचून राहत नाही. पुढे तो असेही सांगतो की, आता तुझ्यापुढे जे युद्ध उभे आहे त्यात बाण, मित्र व बांधव उपयोगी नाहीत, ते एकट्या मनाने लढायचे आहे. भीमाचे हे म्हणणे खरे आहे. तरी ते सांगायला भाऊ जवळ बसलेला आहे, हेही तितकेच खरे आहे.

या साऱ्यानंतरही युधिष्ठिर एके क्षणी सांगतो की, मी आता येथेच बसून अन्नपाणी वर्ज्य करून देह सुकवून टाकीन. ग्रंथाने हे झाकून ठेवलेले नाही. व्यासांनीही ते ऐकले न ऐकल्यासारखे केले नाही, हसण्यावारी नेले नाही. त्यांनी त्याला तेथेच थांबविले, त्याच्याशी बोलत राहिले, आणि पुढे प्रायश्चित्ताच्या रूपाने त्याच्या हाताला करण्यासारखे काहीतरी दिले. आपल्या घरात कोणी जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला तर आपण विषय बदलतो, कारण विचारले तर ती कल्पना त्याच्या डोक्यात येईल अशी आपल्याला भीती वाटते. वैद्यांचा अनुभव याच्या उलट आहे. स्पष्ट विचारल्याने धोका वाढत नाही, बहुधा मन मोकळे होते. आणि विचारल्यानंतर पहिली गोष्ट घरातील शस्त्राची. निवृत्तीनंतर पुष्कळ जण सुरक्षारक्षकाचे काम करतात, परवान्याची बंदूक घरी असते. अशा दिवसांत ती बंदूक घरात असू नये. ती कोठे, कोणाकडे सुरक्षित ठेवायची हे पोलीस ठाण्यात विचारावे, आणि यात संकोच करू नये. कॅन्टीनमधून सवलतीत मिळणाऱ्या बाटलीविषयीही बोलणे प्राप्त आहे. झोप येत नाही म्हणून सुरू झालेली ती बाटली झोपेचा जो थोडा अंश उरलेला असतो तोही घालविते.

मग श्रीकृष्ण युधिष्ठिराला कोणाकडे घेऊन जातात? शरशय्येवर पडलेल्या भीष्मांकडे. या भेटीपाशी मी वाचकांना थोडे थांबावयास सांगेन. भीष्मांच्या अंगातले ते बाण पांडवांचे आहेत. युधिष्ठिर लाजेने पुढे येत नाही. तो भयाने दूर उभा आहे, हे श्रीकृष्णांना पितामहांना सांगावे लागते. आणि भीष्म त्याला दोष देत नाहीत. ते त्याला क्षत्रियाचा धर्म समजावतात, तो जवळ आल्यावर त्याच्या मस्तकाचे अवघ्राण करतात, त्याला बसवून घेतात आणि निर्भयपणे विचार म्हणतात. त्या संभाषणाने पुढे शांतिपर्वाचा व अनुशासनपर्वाचा फार मोठा भाग व्यापला आहे. ज्याने युद्ध पाहिले त्याचे मन ज्याने युद्ध पाहिले त्याच्यापाशीच सहज उघडते. आमच्यासारख्या पोथीवाल्यांनी हे मान्य केले पाहिजे. म्हणून गावातील, पलटणीतील जुने सोबती घरी आले तर त्यांच्या गप्पांना ‘जुन्याच गोष्टी’ म्हणून उठवून लावू नये. घरातल्या बाईने चहाचे आधण दुसऱ्यांदा ठेवावे, इतकेच.

याच युद्धातून परतलेला दुसराही एक योद्धा आहे: अश्वत्थामा. त्याने झोपलेल्यांना मारले. त्याचा अपराध घोर होता, आणि आपल्या सैनिकांशी त्याची तुलना करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मला फक्त त्याच्या शापाचे स्वरूप दाखवायचे आहे. तीन सहस्र वर्षे तू पृथ्वीवर भटकशील आणि कोठेही, कधीही, कोणाशीही तुझा संवाद होणार नाही, असा तो शाप आहे. देहावरील जखमेइतकीच ही शिक्षा मोठी मानली गेली. वाचकहो, घोर अपराध्याला जी गोष्ट शाप म्हणून दिली गेली, तीच आपण आपल्या घरी परतलेल्या निरपराध माणसाला कधी कधी न कळत देऊन बसतो. तो बोलत नाही म्हणून आपण बोलत नाही. आपण बोलत नाही म्हणून तो बोलत नाही.

त्याला बोलते करणे एका दिवसाचे काम नव्हे, हेही महाभारतच सांगते. भीष्मांचा एवढा उपदेश ऐकून, त्यांचा अंत्यविधी आटोपून युधिष्ठिर गंगेतून वर येतो आणि काठावर पुन्हा कोसळतो. आश्वमेधिकपर्वाचा आरंभच तेथे आहे. पुन्हा व्यास, पुन्हा श्रीकृष्ण. कोणी असे म्हणत नाही की, इतके सांगितले, आता किती वेळा सांगायचे? त्याच पर्वात अर्जुन भगवंतांना म्हणतो की, युद्धाच्या प्रारंभी तू मला जे सांगितलेस ते माझ्या मनातून नाहीसे झाले आहे. ज्या अर्जुनासाठी गीता अवतरली तोच ती विसरला! भगवंतांनी त्याला बोल लावला खरा, पण मग दुसऱ्या रीतीने पुन्हा सांगितले. तीच अनुगीता होय. एकदा वैद्याकडे नेले, एकदा तीर्थाला नेले, आता बरा झाला पाहिजे, असा हिशेब मांडणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

मनाला औषध कशाला, नामस्मरण पुरे आहे, असे म्हणणारे भाविक पुष्कळ आहेत. नामस्मरणाची थोरवी मी कमी लेखीत नाही. परंतु चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील पहिल्यात मंत्र, जप आले, दुसऱ्यात आहार व औषधे, तिसऱ्यात अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. त्यांनी एकाच्या नावाने दुसऱ्यास मोडीत काढले नाही. मधुमेहाची गोळी घेताना कोणाची श्रद्धा डळमळत नाही; मग झोपेसाठी व मनासाठी वैद्याने दिलेली गोळी घेताना ती का डळमळावी? आणि वैद्याने दिलेले औषध एखाद्या बुवाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करू नये.

साहाय्य कोठे मिळते तेही सांगितले पाहिजे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे आणि तेथे अनेक भारतीय भाषांत, दिवसा व रात्री, विनामूल्य बोलता येते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष प्रायोगिक स्वरूपात उघडण्यात आला. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्ययोजना २००३ पासून आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे जाता येते, आणि तिचा लाभ पत्नी व आश्रितांनाही आहे. पत्नींना हे पुष्कळदा ठाऊकच नसते. कागदपत्रांची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. आत्मघाताचा प्रयत्न केलेल्याला शिक्षेची भीती वाटू नये म्हणून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने, अन्यथा सिद्ध होत नाही तोवर, असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असेच मानावे, असे ठरविले आहे. तेव्हा ‘पोलिसांचे लफडे होईल’ म्हणून रुग्णालयात नेण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

घरच्यांविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आपला जवान पुष्कळदा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून गेलेल्यांतील बहुतेकांची सेवा तर चारच वर्षांची आहे. मागे पत्नीने मुले एकटीने वाढविलेली असतात, सासू-सासऱ्यांची आजारपणे काढलेली असतात, बँकेची व शाळेची कामे स्वतः केलेली असतात. तो परत येतो तेव्हा त्याला घरात आपली जागा सापडत नाही, आणि तिला आपली जागा सोडवत नाही. यात कोणाचाच दोष नसतो. वर्षानुवर्षे बातम्यांच्या वेळी जीव मुठीत धरून बसलेल्या त्या बाईलाही झोप लागत नसेल, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि ज्या घरी तो परतलाच नाही, त्या घरची गोष्ट तर सर्वांत कठीण.

आश्रमवासिकपर्वात असे एक दृश्य आहे. युद्धाला सोळा वर्षे झाली आहेत. वनात धृतराष्ट्र, गांधारी, कुंती राहत आहेत. पांडव व सुना भेटीस आल्या आहेत, आणि व्यास येऊन प्रत्येकाच्या मनात काय आहे ते विचारतात. तेव्हा हात जोडून गांधारी उभी राहते. ती प्रथम आपल्या पतीविषयी सांगते: सोळा वर्षे झाली, पुत्रशोकाने या राजाला शांती नाही; हा रात्र रात्र निजत नाही, उसासे टाकीत असतो. मग ती द्रौपदीचे दुःख सांगते, सुभद्रेचे सांगते, आपल्या विधवा सुनांचे सांगते, आणि कुंतीकडेही निर्देश करते. नंतर कुंती स्वतः बोलते. दुर्वासांचा वर, कौमार्यात झालेला पुत्र, त्याचा त्याग, आणि त्याला ओळखूनही आपण उपेक्षिले ही टोचणी, सारे ती सासऱ्यांपुढे, सुनांच्या देखत सांगते, आणि हे पाप असो वा नसो, मी ते तुम्हांस उघड केले, असे म्हणते. व्यास तिचे सर्व ऐकून घेतात. त्यात तुझा अपराध नाही, असे ते तिला सांगतात. आणि त्या रात्री सर्वांना घेऊन गंगेवर जातात.